आहेरात गेलेले सात सिनेमे

सुरतेत साडीचा रिकामा डबा कोणी फेकत नाही. जाड पुठ्ठा, वर सोनेरी नक्षी, आत सॅटिनचं अस्तर, झाकणाला लोहचुंबक. फेकायचा कसा? त्यात कोणी रेशनकार्ड ठेवतं, कोणी लाइटची बिलं, कोणी नातवाचं जावळ. आमच्या घरी बायकोच्या कपाटावर असे डबे थेट छतापर्यंत रचलेले आहेत. काहींत साड्या आहेत, काहींत साड्या सोडून सगळं आहे. कशात काय, ते फक्त तिला माहीत.

मी हे चिडून लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो. कोणावर चिडलोय ते मात्र नीट सांगता येणार नाही, कारण गेल्या दोन महिन्यांत तो माणूस सारखा बदलत गेला. आधी बायको होती, मग एक मावशी, मग कबुतरं. शेवटी जो उरला त्याची दाढी मी रोज सकाळी करतो.

मी बँकेतला. चौतीस वर्षं कापड मार्केटच्या शाखेत काढली आणि दोन वर्षांपूर्वी शाल-श्रीफळ घेऊन बाहेर पडलो. निवृत्तीनंतर लोकांना मधुमेह होतो, माझा डिस्कचा आजार बळावला. सिनेमाच्या डिस्क. आता सगळं जग फोनवर सिनेमे बघतं, माझा जावईसुद्धा बघतो आणि मला विचारतो, "पप्पा, तुम्ही या थाळ्या कशाला जमवता?" त्याला काय सांगणार?

तरुणपणी बँकेच्या प्रशिक्षणाला पुण्यात गेलो होतो. प्रशिक्षण बुडवून एका फिल्म क्लबात घुसलो आणि तिथे एका फ्रेंच दिग्दर्शकाचा सिनेमा पाहिला. त्याच्या सिनेमात कोणी धावत नाही, कोणी ओरडत नाही. चांगल्या घरची माणसं, इस्त्रीचे पडदे, टेबलावर पांढरं कापड. नवरा शांतपणे पाव कापतो, बायको शांतपणे सूप वाढते, आणि इकडे आपल्याला बसल्या जागी घाम फुटतो. कारण दोघांपैकी एकाला काहीतरी माहीत असतं आणि तो ते सांगत नसतो. एवढंच. एवढ्याशा गोष्टीवर तो माणूस दोन तास तुमचा गळा धरून ठेवतो. मी त्या दिवशी हॉस्टेलवर परतलो तो याचं सगळंच्या सगळं मिळवायचं असं ठरवून.

बायकोला हे सिनेमे आवडत नाहीत. ती मराठी शाळेतली शिक्षिका, महापालिकेच्या. एकदा अर्धा सिनेमा बघून म्हणाली, "यात कोणी कोणाला धड विचारत का नाही? एक वाक्य बोलले असते तर सगळे जेवून झोपले असते." आणि उठून भाजी निवडायला गेली. पण खरं भांडण झालं ते शिवणयंत्रावरून. माझ्या डिस्कना जागा हवी म्हणून मी तिचं शिवणयंत्र बाल्कनीत नेऊन ठेवलं, तात्पुरतं. ते तात्पुरतं दोन पावसाळे टिकलं आणि यंत्राचं चाक गंजून जाम झालं. त्या दिवशी मी देवावर हात ठेवून शपथ घेतली, की या घरात यापुढे एकही डिस्क येणार नाही. देवाने ऐकलं की नाही माहीत नाही. बायकोने ऐकलं.

आणि मग, फेब्रुवारीत, तो संच बाजारात आला.

त्या दिग्दर्शकाचे सात मानसशास्त्रीय थरारपट, नव्याने स्वच्छ केलेले, संग्राहकांसाठी काढलेल्या मोजक्या प्रती. पुण्यात माझा एक संग्राहक मित्र आहे, त्याने फोन करून सांगितलं आणि वर म्हणाला, "तुला काही जमायचं नाही, तुझी शपथ आहे." अशा वाक्यांमुळेच माझं आयुष्य असं झालंय. मी त्याच दुपारी मागवला. पार्सल घरी येऊ नये म्हणून पत्ता दिला आमच्या बिल्डिंगखालच्या इस्त्रीवाल्याचा. त्याने ते दोन्ही हातांनी उचलून दिलं आणि विचारलं, "काका, बहु वजनदार छे, शुं मंगाव्युं?" मी म्हटलं, पुस्तकं. तिथून खोटं बोलायला सुरुवात झाली ती थांबलीच नाही.

संच बघण्यासारखा होता. काळाकुळकुळीत कडक खोका. वर एकच चित्र: पांढऱ्या टेबलक्लॉथवर बाईचा हात आणि हातात पाव कापायची लांब सुरी. आत सात डिस्क, शंभरेक पानांची पुस्तिका, आणि आपल्या प्रतीचा क्रमांक लिहिलेलं कार्ड. माझ्या नावाचं, पत्त्याचं पावतीपत्रसुद्धा मी आतच ठेवलं. संग्राहक काहीच टाकत नाहीत. आता हा लपवायचा कुठे? मग माझ्या डोक्यात तो प्रकाश पडला, ज्याबद्दल मी आठवडाभर स्वतःवर खूश होतो. साडीचा डबा! खोका त्यात असा बसला, जणू मापाने शिवला होता. तो डबा मी कपाटावरच्या चळतीत सगळ्यात तळाला सरकवला. बायको वरचे डबे काढणार, तळाला कशाला जाईल? मे महिन्यात ती नाशिकला भावाकडे जाईल, मग मी, पडदे, आणि सात सिनेमे.

आता मावशीबद्दल सांगायला हवं.

मावशी बायकोच्या शाळेत शिपाई होत्या. अख्खी शाळा त्यांना मावशी म्हणायची म्हणून बायकोही म्हणते, खरं तर दोघी एका वयाच्या. मूळच्या खानदेशातल्या, अमळनेरकडच्या. नवरा बमरोलीला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला, घर डिंडोलीत. वर्ग झाडणं, घंटा देणं, पोरांची नाकं पुसणं हे मावशींचं काम, आणि मधल्या सुट्टीत दोघी एकाच डब्यातून जेवायच्या. बावीस वर्षं. बायकोला टायफॉइड झाला तेव्हा मी शाखेत ऑडिट आहे म्हणून गेलो होतो आणि मावशी तीन आठवडे रोज येऊन पेज करून गेल्या. शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली, दोघी घरी बसल्या, तरी दर गुरुवारी मावशी आमच्याकडे यायच्या. दुपारी दोन ते चार. माझी बायको आठवड्यातून तेवढे दोन तास मोठ्याने हसते. बाकीचे दिवस ती माझ्याबरोबर असते.

तर मावशींच्या मुलीचं लग्न ठरलं, चैत्रातलं. बायकोने भावाकरवी येवल्याहून मोरपंखी पैठणी आणवली, खास मावशींसाठी. कधीतरी दुकानाच्या काचेपाशी उभं राहून मावशी म्हणाल्या होत्या, "आपल्याला कोण नेसवतं असली?" तेवढं वाक्य बायकोने धरून ठेवलं होतं. पैठणी तिने घरातल्या एका साडीच्या डब्यात घातली आणि डबा चळतीच्या तळाला ठेवला. तो तळाला होता, माझा त्याच्याही खाली गेला. हे मला माहीत नव्हतं. माझं तिला माहीत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी ती गजरा माळत होती आणि आतून ओरडली, "अहो, कपाटावरचा सगळ्यात खालचा डबा काढा आणि त्याला तो सोनेरी कागद लावा."

मी फोनवर होतो. पुण्याच्या मित्राशी. त्याला सांगत होतो, की शपथ वगैरे ठीक आहे पण संच माझ्याकडे आहे, आणि तो अशा जागी ठेवलाय की ब्रह्मदेवाला सापडणार नाही. फोन खांद्याने कानाशी दाबलेला. दोन्ही हातांनी मी सगळ्यात खालचा डबा ओढला, कागद लावला, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली, वर लाल फीत बांधली. म्हणजे ज्या संचाबद्दल बोलत होतो तोच संच हातात धरून, मी तो स्वतःच्या हाताने आहेरात बांधला. चौतीस वर्षं मी सह्या तपासून बघायचं काम केलं, यावर कोणाचा विश्वास बसायचा नाही.

"जड आहे ना?" स्कूटरवर मागे बसताना बायको म्हणाली. "खरी जर आहे तिला."

डिंडोलीत मांडव रस्त्यातच घातला होता. मावशी हिरव्या साडीत धावत आल्या, बायकोच्या गळ्यात पडल्या. मग आहेर. मी डबा त्यांच्या हातात ठेवला, आणि मला गप्प राहता आलं असतं. पण मांडवात चार माणसं ऐकायला असली की माझी जीभ आपोआप चालते. मी म्हटलं, "मावशी, हे जपून उघडा हं. बघून झोप उडेल!"

सगळे हसले. मावशीसुद्धा हसल्या. माइकवाल्याने पुकारलं, "शाळेच्या बाईंकडून वधूच्या आईला भारी साडी!" टाळ्या पडल्या. आम्ही जेवून घरी आलो.

त्यानंतरच्या गुरुवारी मावशी आल्या नाहीत. लग्नाचा शीण असेल, बायको म्हणाली. पुढच्या गुरुवारी तिने फोन केला, मावशींनी उचलला आणि "कामात शे" म्हणून ठेवला. मग एकदा बायको भाजी घेऊन आली ती पिशवी ओट्यावर आपटूनच.

"मावशी दिसली बाजारात. मी हाक मारली. माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून गेली."

"ऐकू आलं नसेल."

"बघितलं तिने, सांगतेय ना! काय केलं मी? बावीस वर्षांत कधी असं नाही. लग्नात मी काही बोलले का? तुम्ही होतात ना, तुम्हीच सांगा, काही बोलले का मी?"

"छे," मी म्हणालो. आणि चहा मागितला.

त्या वेळी मला खरंच काही माहीत नव्हतं, हे माझ्या बाजूने एवढंच. पण दोन दिवसांनी बायको देवळात गेलेली असताना मला संचाची आठवण आली. नुसतं डोळे भरून बघावं म्हणून स्टुलावर चढून तळाचा डबा काढला, उघडला. आत मोरपंखी पैठणी.

मी स्टुलावरच बसलो. सगळं एकदम समजलं. खोका, सुरी, मांडव, "झोप उडेल". आणि पहिला विचार काय आला असेल? मावशी? बायको? नाही. पहिला विचार आला, की माझी प्रत डिंडोलीत आहे, आणि तिथे कोणी पुस्तिकेवर चहाचा कप ठेवला तर? मी बायकोवर इतका चिडलो की काय सांगू! तळाला कशाला ठेवायची पैठणी? वर ठेवता येत नव्हती? आहेराच्या साड्या कोणी तळाला ठेवतं?

आता सांगून टाकायला हवं होतं. त्याच संध्याकाळी. दोन वाक्यांचं काम होतं. पण दोन वाक्यांतलं पहिलं वाक्य शपथेबद्दल होतं. मी आठ दिवस गप्प बसलो. आठ दिवस बायको घरात फिरत होती, मध्येच थांबून म्हणायची, "तिच्या नवऱ्याला मी जेवताना विचारलं नाही, ते लागलं असेल का?" किंवा, "मुलीला मी हळद लावायला गेले नाही आदल्या दिवशी." रोज स्वतःचा एक नवा गुन्हा शोधायची. एकदा ताटावर बसून रडली. मी तिला वरण वाढलं.

नवव्या दिवशी मी एक योजना केली. माझ्या योजना ऐकून माझी शाखासुद्धा एकदा बंद पडता पडता राहिली होती. ठरवलं, की गुपचूप डिंडोलीला जायचं, पैठणी द्यायची, संच आणायचा, आणि दोष साडीच्या दुकानदारावर ढकलायचा. दुकानदाराने डबा बदलला. मावशी बायकोशी बोलायला लागतील, संच तळाला परत जाईल, कोणाला काही कळणार नाही. मी पैठणीचा डबा पिशवीत घातला आणि निघालो.

मावशींचं घर पहिल्या मजल्यावर, समोर उघडी गॅलरी. जिना चढताना मला वर काहीतरी लखलखताना दिसलं. गॅलरीत जुन्या साड्या अंथरून ज्वारीचे बिबडे आणि नागलीचे पापड वाळत घातले होते, आणि त्यांच्यावर लूमच्या दोऱ्याला ओवून माझे सातही सिनेमे लटकत होते. वाऱ्यावर गरगर फिरत होते. समोरच्या छतावर कबुतरं ओळीने बसली होती आणि एकाचीही पुढे यायची हिंमत नव्हती.

त्या क्षणी माझ्या छातीत जे झालं ते मी इथे लिहीत नाही, डॉक्टर वाचतील.

"या," मावशी दारात उभ्या होत्या. एरवी त्या मला भाऊ म्हणायच्या. "या साहेब. बसा."

मी बसलो. पैठणीचा डबा पुढे केला आणि घोकून ठेवलेलं सगळं म्हणून दाखवलं. दुकानदार, गर्दी, सारखे डबे, त्याची चूक, आमच्या लक्षात आलं नाही.

मावशींनी पूर्ण ऐकून घेतलं. त्या डब्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. मग आत गेल्या आणि काळा खोका घेऊन आल्या. त्यातून कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"दुकानदारनं नाव तुमनंच शे का, साहेब?"

माझं पावतीपत्र. नाव, फ्लॅट नंबर, सगळं.

"मला वाचता येतं," मावशी म्हणाल्या. "बाईंनीच शिकवलं, मधल्या सुट्टीत. माझी विहीण बसली होती, तिच्या दोन जावा बसल्या होत्या, सगळ्या आहेर बघत होत्या. मी चार दिवस आधीपासून सांगत होते, आमच्या बाई येतील, बाई कसा आहेर करतात बघा. तुमचा डबा मी शेवटपर्यंत ठेवला. सगळ्यांसमोर फोडला. काळा खोका! लग्नात! त्याच्यावर सुरी! माझी विहीण म्हणाली, 'हाऊ काय आहेर शे? तुमनी बाईनी पोरगीले सुरी दिन्ही का?' मला वाटलं चुकून झालं. मग चिठ्ठीवर तुमचं नाव बघितलं. आणि तुम्ही काय म्हणाला होतात मांडवात? झोप उडेल. उडनी साहेब! मनी झोप उडनी!"

"मावशी, तसा माझा हेतू..."

"तुम्ही मना तोंडवर हसनात. काय दोष व्हता मना? बाईंच्या घरात मी कधी खुर्चीवर बसले का? जमिनीवर बसून निवडलं, चिरलं, हसले. मला वाटायचं तिथे मी कोणीतरी आहे. नंतर वाटलं, दोघं घरी बसून हसत असतील. शिपाईबाईला डबा दिला, भंगार भरून."

"बाईंना यातलं काही माहीत नाही, मावशी. शपथ घेऊन सांगतो."

"तुमची शपथ?" त्या म्हणाल्या. माझ्या शपथेची कीर्ती डिंडोलीपर्यंत पोहोचलेली होती. गुरुवारी दोघी काय बोलतात ते मला तेव्हा कळलं.

मग मी खरं सांगितलं. मशीन, गंज, शपथ, इस्त्रीवाला, फोन, सोनेरी कागद. सगळं, न थांबता. मावशी ऐकत होत्या. चेहरा थोडा सैल पडलाय असं मला वाटलं. इथे मी उठून नमस्कार करून निघालो असतो तर आजची गोष्ट निम्म्यावर संपली असती. पण तेवढ्यात वारा आला. गॅलरीत दोन डिस्क एकमेकींवर आपटल्या, खळ्ळकन. आणि माझ्या तोंडून गेलं:

"मावशी, तेवढ्या त्या जरा उतरवता का? ओरखडे पडतात."

मावशींनी पैठणीचा डबा उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"उठा," मावशी म्हणाल्या.

"नाही म्हणजे..."

"उठा साहेब. आणि ही साडी न्या. मी साडीसाठी चिडले नाही. बाईंना जाऊन सांगा. तुम्ही स्वतः सांगा, मी सांगणार नाही. मला बघायचंय तुम्ही सांगता का."

खाली स्कूटरपाशी येऊन मी इतका चिडलो होतो की किल्ली लागेना. मावशींवर चिडलो. माणूस एवढं खरं बोलला आणि बाईला दया नाही! कबुतरांवर चिडलो. उधन्याच्या फाटकापर्यंत मी सगळ्या जगाला शिव्या घातल्या. फाटक बंद होतं. एक लांबलचक मालगाडी चालली होती, आणि तिचे डबे जात असताना मला ते ताटावर बसून रडणं आठवलं. आणि मी वाढलेलं वरण. मी नुसतं वरण वाढलं नव्हतं, "मीठ कमी आहे" असंही म्हणालो होतो.

घरी आलो आणि चपला काढायच्या आधी सांगितलं. ती दारात उभी होती, मी दाराबाहेर. शेवटचं वाक्य सांगून होईपर्यंत ती हलली नाही.

मला वाटलं शपथेवरून बोलेल. त्याची उत्तरं मी तयार ठेवली होती.

"कधी कळलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"आठ... नऊ दिवस झाले."

"नऊ दिवस मी काय करत होते?"

मी चपला काढायला वाकलो.

"सांगा ना. तुम्ही इथेच होतात. मी काय करत होते?"

"विचार करत होतीस."

"रडत होते. तुमच्यासमोर. मी विचारत होते माझं काय चुकलं, आणि तुम्ही ऐकत होतात. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही बसून ऐकत होतात!" तिचा आवाज मी शाळेच्या बाहेर कधी एवढा चढलेला ऐकला नव्हता. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं. "डिस्क घ्या हो, शंभर घ्या, घर भरा! पण तुम्ही मला नऊ दिवस वेडी केलीत. मी तिच्या नवऱ्याला फोन करून माफी मागितली, माहीत आहे? कशाची मागतेय हे मलाच माहीत नव्हतं. तो बिचारा म्हणाला, बाई, असू द्या."

ती पैठणी घेऊन एकटी रिक्षाने डिंडोलीला गेली. संध्याकाळी परत आली ती पैठणी घेऊनच.

"घेत नाही ती," तिने सांगितलं. "माझ्याशी बोलली. माझ्यावर राग नाही म्हणाली. पण साडी घेणार नाही. तिच्या विहिणीसमोर जे झालं ते झालं. मुलगी त्या घरात राहते, तिथे रोज कोणीतरी सुरी काढतंय. एकदा तर भाजी चिरताना सासू म्हणाली, तुझ्या आईच्या आहेरातली आण. ते जोपर्यंत आहे तोपर्यंत साडी नको म्हणाली."

"मग काय करायचं?"

"अक्षय्यतृतीयेला, त्यांच्या आखाजीला, मुलगी माहेरी आलीय. रविवारी विहीण तिला न्यायला येणार आहे. तुम्ही यायचं आणि तिच्यासमोर सांगायचं. जसं तिच्यासमोर झालं तसं तिच्यासमोर."

आता माझ्याबद्दल एक गोष्ट. मी स्वतःच्या फजितीचे किस्से सांगणारा माणूस आहे. बँकेच्या प्रत्येक निरोप समारंभात मला माइक द्यायचे. चुकीच्या वरातीत नाचलो तो, मॅनेजरच्या बायकोला मॅनेजरची आई समजलो तो, सगळे किस्से तयार असतात, कुठे थांबायचं ते माहीत असतं, लोक पोट धरून हसतात. मला वाटलं, हे तर आपलं मैदान. रविवारी सकाळी मी आरशासमोर एकदा म्हणूनसुद्धा बघितलं.

मावशींच्या खोलीत दहा-बारा बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मधे विहीण, जाडजूड, कपाळभर कुंकू. खापरावरच्या पुरणपोळ्यांचा वास सुटला होता. मुलगी दारापाशी उभी होती, नवीन बांगड्यांत, मान खाली. मी सुरुवात केली. शिवणयंत्रावर थांबलो, हशाची जागा होती. कोणी हसलं नाही. इस्त्रीवाल्यावर थांबलो. कोणी नाही. फोन कानाशी आणि संच हातात, या जागेवर तर बँकेत टेबलं वाजली असती. बारा बायका माझ्याकडे नुसत्या बघत होत्या. मग मी थांबणं सोडून दिलं. माझा आवाज बारीक होत गेला. शेवटी मी सरळ सांगितलं, की बायकोला फसवायला म्हणून मी ते लपवलं, माझ्या हाताने बांधलं, आणि कळल्यावर नऊ दिवस तोंड उघडलं नाही. बाईंचा यात दोष नाही, आणि मावशींना कोणी कमी लेखलेलं नाही. सुरी माझी होती.

विहिणीने पदर सारखा केला.

"लपाडनं व्हतं तं साडीना डबामा कसाले ठेवं?" तिने विचारलं. म्हणजे, लपवायचंच होतं तर साडीच्या डब्यात कशाला?

मी पुरणपोळ्यांकडे बघायला लागलो.

"एवढा मोठा साहेब," ती शेजारणीला म्हणाली, मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, "आणि बायकोला भितो. बोलायला भितो, मग खोटं बोलतो." मग मुलीकडे वळून, "चल वं, पाणी दे त्यासले." आणि मुलीने वर बघितलं. नऊ-दहा मिनिटांत पहिल्यांदा.

बायको उठली, पैठणी उघडली, मावशींची ओटी भरली. मावशी साडीवरून हात फिरवत राहिल्या. मला कोणीतरी सांगितलं, पुरुषमाणसं बाहेर बसलीत. मी बाहेर गेलो. गॅलरीत माझ्या डिस्क होत्याच. मी मान वर केली नाही, याचं श्रेय मला कोणी दिलेलं नाही. आणि तिथे बसल्यावर, पाचच मिनिटांत, आतून हसण्याचा असा लोट आला की जिना हादरला. बायको सांगत होती. माझाच किस्सा, माझ्याच जागांवर थांबत, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगला.

परत येताना ती स्कूटरवर मागे बसली, मधे पिशवी ठेवून. पार्किंगमध्ये उतरताना म्हणाली, "मावशी येते म्हणालीय गुरुवारी."

"वा!"

"तुम्ही घरी नसलात तर बरं होईल."

गुरुवारी दोनला मावशी आल्या. मला बघून त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, आणि आत गेल्या. बायकोने त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. मी चपला घालून खाली आलो. जायला कुठे जागा नव्हती. मे महिन्याचं ऊन, देऊळ बंद, इस्त्रीवालासुद्धा जेवायला गेलेला. पार्किंगमध्ये आमच्याच स्कूटरवर बसून राहिलो. आमची खिडकी बरोबर वर होती. दोघींचं हसणं खाली येत होतं, थांबत होतं, पुन्हा येत होतं, आणि प्रत्येक हसण्याला मला वाटत होतं, हे माझ्यावरच. मी इतका चिडलो होतो, आणि मला इतकं हायसंही वाटत होतं, की घाम कशाचा येतोय ते समजेना.

तीनच्या सुमारास वॉचमन फेरी मारत आला. माझ्याकडे बघून थांबला.

"क्या हुआ अंकल? चाबी भूल गए?"

"हां," मी म्हणालो. "चाबी भूल गया."